पिवळी मोजडी

आकुर्डीच्या गोजाबाईला गावात कुणी भली बाई म्हणत नसे, आणि म्हणवून घ्यायची तिला हौसही नव्हती. भली माणसं पोटात घालतात, विसरतात, वर आपण कसं माफ केलं ते चार जणांना सांगत फिरतात. गोजाबाई विसरत नसे. कुणी तिच्या बांधावरचं गवत न विचारता कापलं, तर दोन वर्षांनी त्याच माणसाच्या घरच्या लग्नात, भरल्या पंगतीत, ती त्या गवताची आठवण काढी. पंगत गप्प होई आणि ही शांतपणे आणखी बुंदी वाढून घेई.

नवरा नेमका उलटा. मालोजीला राग येतो हेच गावाला माहीत नव्हतं. लढाईच्या वर्षांत तो पलटणीबरोबर आसामात गेला होता, तिथं खेचरांच्या तुकडीत होता. बंदूक त्यानं क्वचित चालवली, खेचरं मात्र रगड हाकली. तिथल्या खासी डोंगरात, पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर त्याला एक फूल दिसलं. वर पांढरट टोपी, दोन बाजूंना दोन लांब पाकळ्या आणि मधोमध चक्क मोजडीचं टोक, पाय घालावा असं. लढाई संपल्यावर बाकीचे शिपाई घड्याळं आणि ब्लँकेटं घेऊन गावोगाव परतले. मालोजी पोतंभर ओलं शेवाळ घेऊन आला. गोजाबाईनं पोतं उघडलं, आत गुंडाळलेली झाडं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

पण लावली तिनंच. विहिरीजवळच्या जांभळीखाली बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला, उन्हाळ्यात त्यावर ओली गोणपाटं टाकली. कुंड्यांत माती नाही, विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाचा काथ्या. म्हशीचं करता करता ती या झाडांचंही करू लागली, आणि करता करता तिला त्यांचं वेड लागलं. कुणी तसं म्हटलं असतं तर तिनं त्याला झाडून काढलं असतं ही गोष्ट वेगळी.

झाडं सगळी एकाच जातीची. नुसती पानं पाहिली तर एक झाकावं आणि दुसरं काढावं, इतकी सारखी. थंडीत फूल आलं की मात्र प्रत्येकाचं तोंड निराळं. एकाच्या टोपीवर ठसठशीत ठिपके, दुसऱ्याच्या मोहरीएवढे. एकाची मोजडी तपकिरी, दुसऱ्याची मधाच्या रंगाची. कुणाच्या पाकळ्या सरळ, कुणाच्या काठाला नागमोडी.

"एका आईची लेकरं हायती गं," मालोजी म्हणायचा, "पर एकाचं तोंड दुसऱ्याला न्हाई."

आणि एकदा दिसलेलं तोंड बदलायचं नाही. झाडाच्या बुडाशी नवे फुटवे यायचे. फुटवा तोडून दुसऱ्या कुंडीत लावला की त्यालाही तेच फूल, अगदी तेच. पुण्याचे रोपवाले येऊन असे फुटवे घेऊन जात, त्यांना झाड भरलेलं हवं असे. म्हणून विकायच्या झाडांचा कळा दिसला रे दिसला की खुडून टाकायचा, म्हणजे जोर फुटव्यांत जातो. ही युक्ती गोजाबाईची. मालोजीला कळा खुडणं जिवावर यायचं. नव्या झाडाचं फूल एकदा तरी बघू दे, मग खुशाल खूड, अशी तो गयावया करायचा.

मग एका थंडीत कोपऱ्यातल्या कुंडीला दांडा आला तो हिरवागार. बाकी सगळ्यांचे दांडे जांभळट. मालोजी रोज सकाळी आधी त्या कुंडीपाशी जायचा, मग तोंड धुवायचा. फूल उमललं आणि गोजाबाईही पाहत राहिली. अंगावर एक ठिपका नाही. टोपी पिवळी, मोजडी पिवळी, वर पांढरी किनार. मालोजीनं पानं बाजूला सारून तिला बूड दाखवलं. इतर झाडांच्या पानांना बुडाशी जांभळी झाक असायची, हिच्या बुडाशी नितळ हिरवं.

"ही खूण ध्येनात ठेव," तो म्हणाला. "फूल नसताना वळखायची तर हितनं."

ती खूण तिनं ध्यानात ठेवली. पुढं तीच कामाला आली.

आता नानासाहेबांकडे वळायला हवं, इलाज नाही. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवून त्यांनी पैसा केला आणि चिंचवडला नदीकाठी बंगला बांधला. बंगल्यामागं काचेचं घर, आत देशोदेशीची झाडं. मालोजीकडून त्यांनी पुष्कळ मोजड्या नेल्या होत्या. बोलायला गोड. इतके गोड, की गोजाबाई त्यांच्याशी बोलून आली की तोंड धुवायची.

बावन्न सालच्या थंडीत मालोजी अंथरुणाला खिळला. छातीत पाणी झालं होतं. पुण्यात फुलांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि पिवळी ऐन बहरात होती. नानासाहेब मोटारीनं आले, खाटेशेजारी बसले.

"मालोजी, हे झाड मी माझ्या मोटारीतून नेतो. तिथं ठेवतो. खाली पाटी तुझ्या नावाची. तू फक्त बरा हो."

मालोजीला आणखी काय हवं होतं? बक्षीस नको, पैसा नको. 'मालोजी, आकुर्डी' एवढी पाटी त्या फुलाखाली लागावी, बस्स. बहरातलं झाड फोडता येत नाही, म्हणून फुटवा न काढता अख्खी कुंडीच त्यानं दिली. गोजाबाई दारात उभी होती. तिच्या मनात आलं ते तिनं बोलून दाखवलं नाही, आणि त्याबद्दल तिनं स्वतःलाही कधी सोडलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मालोजीनं जायचा हट्टच धरला. मग चिंचवडपर्यंत शेजाऱ्याची बैलगाडी, पुढं आगगाडी, पुण्यात टांगा. मांडवात पिवळीभोवती ही गर्दी. कुंडीपुढं चांदीचा पेला ठेवलेला. परीक्षक उद्धवराव, कोल्हापूरचे जाणते गृहस्थ, लोकांना सांगत होते की असं फूल आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही. मालोजी तिच्या खांद्यावर हात टाकून पुढं सरकला. त्याला पलटणीत वाचायला शिकवलं होतं, तिला अक्षर येत नव्हतं.

"तुमचंच नाव हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत त्यानं खरं सांगितलं. "गोजा, माझं नाव न्हवतं. नानासाहेबाचं सुवर्ण, असं ल्हिवलंय. त्येंच्याच बागंत निपजलं म्हनून." नंतर तो त्यावर कधी बोलला नाही. तसा कशावरच फारसं बोलला नाही. महिना उलटायच्या आत तो गेला.

दहाव्याला नानासाहेब येऊन गेले. डोळे पुसले. झाड बक्षिसाचं आहे, त्याला काचेखालीच जपलं पाहिजे, तुला कुठं जमणार, असंही म्हणाले. गोजाबाईनं मान डोलावली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाली बघून म्हणाली, "सायेब, माझं पोट कसं भरनार? झाडांना पानी घालायचं काम द्या."

नानासाहेबांना वाटलं, बाई लाचार झाली. त्यांनी काम दिलं. माणसाला आपल्या गोडपणाचा एवढा भरवसा असू नये.

वर्षभर ती रोज आकुर्डीहून चालत जाई आणि काचघरात पाणी घाली. पिवळीला पाणी घालताना दात-ओठ खाई, पण पाणी मोजकंच घाली, कमी नाही, जास्त नाही. झाडाशी तिचं भांडण नव्हतं. दुसऱ्या थंडीत पिवळीला पुन्हा पेला मिळाला, पुन्हा तीच पाटी. नानासाहेबांनी पाहुण्यांना काचघर दाखवताना तिच्यादेखत सांगितलं की हे रोप आपण सात वर्षं जोपासलं, या देशात याला जोड नाही. "दुसरं नाहीच," ते बोट वर करून म्हणाले. गोजाबाई झारी घेऊन मागं उभी होती. त्या बोटाकडं बघून तिनं ठरवलं.

डाव साधा होता. फुलं गेली की फाल्गुनात झाडं कुंडीतून काढून नव्या काथ्यात बसवायची असतात. ते काम तिच्याकडंच होतं. तिच्या मांडवातून पिवळीच्याच अंगलटीचं एक साधं झाड आणायचं, पिवळीच्या कुंडीत बसवायचं, आणि पिवळी टोपलीत शेणाखाली झाकून घरी न्यायची. बुडाची खूण तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, नुसत्या पानावरून कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पुढच्या थंडीत नानासाहेब पाहुणे जमवतील, पेल्यासाठी झाड पुण्याला नेतील, आणि देशात जोड नसलेल्या कुंडीतून काळपट, ठिपक्याठिपक्यांचं, बाजारी फूल बाहेर येईल. चारचौघांत नाक कापलं जाईल. तिला तो चेहरा बघायचा होता. त्यासाठीच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

झाड निवडताना तिनं एकेकाचं बूड पाहिलं. जितकी जांभळी झाक गडद तितकं फूल काळंबेरं, असा तिचा हिशेब. सगळ्यांत गडद बूड निघालं ते मागच्या रांगेतल्या एका झाडाचं. हे झाड पोत्याच्या तळाशी चिरडून आलेलं. एकच मुरगळलेलं पान होतं तेव्हा. मालोजीनं ते फेकू दिलं नव्हतं, वर्षानुवर्षं जगवलं होतं. भरलं ते तो गेल्यावर. त्याला पहिला कळा आला तेव्हा गोजाबाईनं सवयीनं खुडून टाकला होता, विकायच्या रांगेतलं म्हणून. त्याचं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण तिला त्याच्या तोंडाशी कर्तव्य नव्हतं. तिला कुरूप काहीतरी हवं होतं.

भर दुपारी, नानासाहेब जेवून आडवे झालेले असताना, तिनं अदलाबदल केली. पिवळी घरी आली. म्हशीच्या गोठ्यामागं, तट्ट्याच्या आड, जुन्या रांजणापाशी तिनं ती लपवली आणि त्या संध्याकाळी मालोजी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

पावसाळा सरला. दिवाळीच्या सुमाराला काचघरातल्या त्या कुंडीला दांडा आला. जांभळा. नानासाहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पानांचं बूड पाहिलं. मग सावकाश मान वळवून गोजाबाईकडं पाहिलं. ती झारीचं तोंड साफ करत होती.

नानासाहेब बोलणार काय? झाड बदललं म्हणावं तर मुळात झाड कुणाचं, हा प्रश्न आला. उद्धवरावांना आणि निम्म्या पुण्याला त्यांनी पिवळीचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. गोजाबाईला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रोज चालत येताना ती मनात म्हणे, अजून थोडे दिवस.

कळा फुगला. फुगतच गेला. गोजाबाईनं एवढा मोठा कळा पाहिला नव्हता. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती काचघरात शिरली आणि हातातली झारी हातातच राहिली.

टोपी तळहाताएवढी, दुधासारखी पांढरी. तिच्यावर जांभळे ठिपके, मोठाले, गडद, कुणीतरी एकेक करून विचारपूर्वक ठेवलेले. मोजडी तांबूस, तेलपाणी केल्यासारखी चकचकीत. पिवळी सुंदर होती, पण ही समोर आली की दुसरीकडं बघवेना. मालोजीनं पोत्याच्या तळातून उचललेलं, मरता मरता जगवलेलं लेकरू. ज्याचं तोंड बघायला तो तरसला असता, ते तिनं आपल्या हातानं वैऱ्याच्या घरी आणून बसवलं होतं.

नानासाहेब मागं येऊन उभे होते. किती वेळ ते कळलं नाही. मग ते हसायला लागले.

पेला मिळाला, हे सांगायला नकोच. उद्धवराव म्हणाले, नाना, तुम्ही पिवळीवरही ताण केलीत. पिवळी कुठं आहे, असंही त्यांनी विचारलं. नानासाहेबांनी उन्हाळ्यानं गेली म्हणून सांगितलं आणि सुस्कारा सोडला. देशात तेवढीच एक होती, गेली.

प्रदर्शनाहून परतल्यावर त्यांनी गोजाबाईला ओसरीवर बोलावलं. आवाज नेहमीसारखाच गोड.

"गोजाबाई, तुझ्या हाताला गुण आहे. पिवळी कुठं आहे ते मी विचारत नाही. पण ती कुठं दिसली, कुठल्या प्रदर्शनात आली, तर ती माझ्या काचघरातून चोरीला गेलीय हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे असं समज. दोन पेल्यांवर माझं नाव आहे. तुझ्याकडं काय आहे?"

तिच्याकडं काही नव्हतं. ती काम सोडून घरी आली. गोठ्यामागं पिवळी फुलली होती. स्वतःच्या नवऱ्याचं झाड चोरीच्या भांड्यासारखं दडवून ठेवायची वेळ आली होती, आणि दुसरं झाड वैऱ्याच्या घरात पेला मिरवत होतं. ती रांजणाला टेकून बसली आणि रडली. दुःखानं कमी, संतापानं जास्त. त्यातला निम्मा संताप स्वतःवर होता.

आणि ते ठिपक्यांचं झाड? नानासाहेबांनी त्याचा फुटवा कुणाला दिला नाही. उद्धवरावांनी मागितला, त्यांनाही नाही. दुसरं नसावं हीच तर सगळी मजा. पुढच्या उन्हाळ्यात नव्या माळ्यानं भर दुपारी पानांच्या बेचक्यांत पाणी ओतलं आणि झाड आतून सडलं. संपलं. तसं फूल मग कुणी पाहिलं नाही. बातमी ऐकली त्या दिवशी गोजाबाईनं चूल पेटवली नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी, ती गोठ्यामागं रडत होती त्याच आठवड्यात, शेजारची शालनबाई विरजण मागायला आली. ही बाई जिथं जाऊ नये तिथं जाण्यात पटाईत. ती सरळ गोठ्यामागं आली.

"अगं बया! हे काय गं? हळदीनं न्हालेलं जणू! मला एक फांदी दे की."

गोजाबाईच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिथंच थांबली. तिला नानासाहेबांचं वर केलेलं बोट आठवलं. दुसरं नाहीच. नानासाहेबाचं या फुलात आहे तरी काय? रंग नाही, वास नाही, हौससुद्धा नाही. दुसऱ्या कुणाकडं नाही, एवढंच त्याचं. आणि चोर माल लपवतो. दारोदार फुकट वाटणाऱ्याला कुणी चोर म्हणेल?

"देते," ती म्हणाली. "फुलं गेल्यावर देते. पर कुनी नाव इचारलं तर काय सांगशील?"

"काय सांगू?"

"मालोजी. ह्या फुलाचं नाव मालोजी."

फाल्गुनात तिनं पिवळी फोडली. मनातून जीव तुटत होता, पण सुरी थांबली नाही. एक फुटवा शालनबाईला, एक आळंदीच्या वाटेवर चऱ्होलीला दिलेल्या नणंदेला, एक गावच्या शाळामास्तरांना. बाकीचं तिनं जांभळीखाली वाढवलं आणि दर दुसऱ्या वर्षी पुन्हा फोडलं. घेणाऱ्याच्या घरी जाऊन ती झाडाची चौकशी करी. दुपारचं ऊन लागतंय का, बेचक्यात पाणी साचतंय का. आणि निघताना नाव विचारी. नाव चुकलं तर कुंडी उचलून परत नेई. एकदा शालनबाईचीच नेली होती, कारण तिनं पाहुण्यांना 'सोनमोजडी' म्हणून सांगितलं. शालनबाईनं महिनाभर पाया पडल्यावर ती परत मिळाली.

तोवर पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला होता. सातारा, नगर, कोकण, कुठकुठली माणसं येऊन चाळीत राहू लागली. त्या बायकांना अंगणं नव्हती, सावलीतला ओटा तेवढा होता, आणि मोजडीला सावलीतला ओटाच लागतो. गोजाबाई तिथं दूध घाली. दुधाबरोबर फुटवेही गेले. कुंड्या कुठल्या, डालड्याचे डबे. नवऱ्याची शिफ्ट सुटली की बायका त्याला आधी आज मालोजीला कळा आला ते सांगत, मग चहा देत. या मालोजीचा आणि गोजाबाईचा संबंध काय, हे त्यांतल्या निम्म्या जणींना ठाऊकही नव्हतं. त्याला तिची हरकत नव्हती.

नानासाहेबांच्या कानावर गेलंच. त्यांनी माणूस पाठवून चाळीतले काही डबे विकत घेतले आणि नदीत टाकले. ज्या बाईनं डबा विकला तिनं त्याआधी बुडाचा फुटवा काढून ठेवला होता. मग त्यांनी नाद सोडला. पाहुण्यांना मात्र ते अजून सांगत, पिवळी देशात एकच होती, माझ्याकडं होती, गेली.

चिंचवड स्टेशनावर सोपानराव म्हणून नगरकडचा एक माणूस चहाचं दुकान चालवी. गोजाबाई त्याला रोज सकाळी दूध घाली. त्याला तिनं सगळ्यांत भरलेलं झाड दिलं आणि बजावलं की हा डबा फळीवर पुढंच ठेवायचा, साखरेच्या बरणीशेजारी. का, ते सांगितलं नाही. नानासाहेबांना पुण्याला जायचं तर गाडी इथनंच पकडावी लागे, आणि मोटारीनं आले-गेले तरी पाहुण्यांना पोचवायला ते इथंच येत. थंडीमागून थंडी ती दूध मापून झाल्यावरही उगाच रेंगाळे. नानासाहेब येत, डब्याकडं पाठ करून उभे राहत. असं दोन थंड्या चाललं.

एकोणसाठ सालच्या जानेवारीत उद्धवराव त्यांच्याकडं उतरले होते. म्हातारे झाले होते, पण डोळा तोच. नानासाहेब त्यांना गाडीवर पोचवायला आले. उद्धवरावांना चहाची तल्लफ आली आणि ते दुकानापुढं येऊन थबकले.

"नाना! अहो नाना, हे बघा! तुमचं सुवर्ण!"

नानासाहेब पाठमोरेच राहिले. "तसलंच काहीतरी असेल."

"तसलंच कसं? हा रंग, ही किनार. मी दोनदा पेला दिलाय याला, मला कळत नाही होय?" उद्धवरावांनी सोपानरावाला विचारलं, "हे कुठून आणलंस रे बाबा?"

"आणायचंय कुठनं सायेब, सगळ्यांकडं हाय. पिंपरीला चाळीत जावा, वट्या-वट्यावर दिसंल."

"सगळ्यांकडं?" उद्धवराव नानासाहेबांकडं वळले. मग पुन्हा सोपानरावाकडं. "आणि म्हणता काय याला?"

सोपानरावाच्या दोन्ही हातांत कपबशा होत्या आणि गिऱ्हाईक ओरडत होतं. "नानासायबांनाच इचारा की," तो म्हणाला. "फुलांतलं त्यांच्यावानी कुनाला कळतंय."

गोजाबाई दुधाची चरवी काखेत धरून उभी होती. नानासाहेबांनी तिला पाहिलं. तिच्याकडून डब्याकडं पाहिलं, डब्याकडून उद्धवरावांकडं. दुकानात हमाल होते, कारखान्यातले कामगार होते, आणि त्या सगळ्यांना नाव माहीत होतं. दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तर दहा तोंडांनी ते दुरुस्त केलं असतं.

"मालोजी," नानासाहेब पुटपुटले.

"पुन्यांदा म्हना, सायेब," गोजाबाई पुढं झाली. "गाडीच्या आवाजात ऐकू न्हाई आलं."

गाडीचा अजून पत्ता नव्हता. नानासाहेबांचा चेहरा तिनं डोळे भरून पाहून घेतला. इतकी वर्षं ती ज्यासाठी थांबली होती तो हाच, आणि तो तिनं ठरवल्यापेक्षाही बरा दिसत होता.

"मालोजी," ते मोठ्यानं म्हणाले.

"कोण मालोजी?" उद्धवरावांनी विचारलं.

नानासाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. पुसायला घाम नव्हता, थंडी मरणाची होती. "आकुर्डीचा होता एक," ते म्हणाले. "झाड त्याचं होतं."

सोपानरावानं पुढं केलेला कप उद्धवरावांनी तसाच खाली ठेवला. मग गाडी येईपर्यंत ते नानासाहेबांशी एक अक्षर बोलले नाहीत. गोजाबाईनं सोपानरावाला दूध मापून दिलं, वर थोडं जास्तच घातलं, आणि वाटेला लागली.

तिला दया आली नाही. आपण फार ताणलं असंही वाटलं नाही. ते पांढऱ्या टोपीचं, ठिपक्यांचं फूल मात्र वाटभर डोळ्यांपुढून हलेना, त्याचा वारस कुठल्याच ओट्यावर नव्हता. घरी आल्यावर ती चरवीसकट जांभळीखाली गेली. मांडवात पिवळ्या फुलांची रांग होती.

"म्हनला," ती त्यांना म्हणाली. "दोनदा म्हनला."

आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.